पाट नकाशावर घ्या : पांझराकाठच्या सरपंचांना खुले पत्र

पांझराकाठच्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, सदस्य, पोलीस पाटील, आणि ज्यांच्या घरात अजून 'थळ' (पाटाखाली भिजणारी जमीन) हा शब्द बोलला जातो अशी सगळी मंडळी, यांना रामराम.

मी निवृत्त तलाठी. नोकरी सगळी बाहेरच्या तालुक्यांत गेली, पण जन्म आणि शेत दोन्ही पांझरेवरचे. गेल्या महिन्यात आमच्या गावच्या जुन्या बंधाऱ्यावर गेलो होतो. नातवाला दाखवायला नेले होते, दुसरे काही काम नव्हते. बंधारा जागेवर आहे. काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, वरून पाणी घासून घासून म्हशीच्या पाठीसारखा झालेला. त्याच्या कडेने पाटाचे तोंड फुटते, तेही आहे. तिथून पाटाच्या काठाने चालत निघालो तर तीनशे पावलांवर पाट संपला. शेतरस्त्यासाठी मुरूम टाकून कोणीतरी बुजवला होता. जेसीबीच्या दातांचे ओरखडे बाजूच्या बांधावर ताजे होते. पुढे सांडम होता, म्हणजे जास्तीचे पाणी परत नदीत सोडायची दगडी वाट. त्याचे दोन दगड एका गोठ्याच्या पायरीला लागलेले दिसले. नातू म्हणाला, "बाबा, इथे काय होतं?" त्याला सांगत सांगत घरी आलो, आणि रात्री हे पत्र लिहायला बसलो.

ज्याने पाट बुजवला त्याच्यावर माझा राग नाही. त्याने सातबारा पाहिला असेल, गावनकाशा पाहिला असेल, आणि त्यात पाट नसेल. कागदावर जे नाही ते जेसीबीवाल्याला कसे दिसावे? कागद कसा कोरा राहिला ते पुढे सांगतो, कारण त्यात माझ्यासारख्यांचा हात आहे.

आधी नदी. तुम्ही रोज बघता, तरी सांगतो, कारण ग्रामपंचायतीच्या आराखड्यांत ती फक्त 'नाला खोलीकरण' आणि 'संरक्षक भिंत' या दोन शब्दांपुरती येते. पिंपळनेरच्या पश्चिमेला सह्याद्री संपत आलेला असतो, त्या डोंगरांत पांझरा निघते. पिंपळनेर, सामोडे, कासारे करत ती पूर्वेला येते, साक्रीकडून कान नदी तिला मिळते, मग नेर, मग धुळे. इथपर्यंत ती सरळ पूर्वेची. धुळ्याच्या पुढे मात्र तोंड फिरवते आणि उत्तरेला निघते. न्याहळोद, बेटावद करत मुडावदला तापीत पडते. पावसाचा हिशोबही तसाच उतरता. उगमाला भात पिकेल इतका पाऊस, आणि धुळ्यापासून खाली आलात की ढग बघून माना दुखाव्यात. म्हणजे पाऊस एकीकडे आणि काळी जमीन दुसरीकडे. मधे ही नदी. खानदेशात जे काही पाटस्थळ झाले ते या एका गोष्टीमुळे झाले.

दुसरी गोष्ट दगडाची. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. कोणी बांधल्यासारख्या. भूगर्भाचे लोक त्यांना डाइक म्हणतात. जुन्या लाव्हाच्या थरांना भेगा पडल्या, त्यांत खालून पुन्हा लाव्हा घुसून थिजला आणि आजूबाजूचा दगड झिजला तरी तो उभा राहिला. बहुतेक भिंती तापीला समांतर, पूर्व-पश्चिम. सांगायचे कारण असे की इथल्या माणसाला पाणी अडवायला दगड लांबून आणावा लागला नाही, आणि नदीच्या तळात पक्का खडक कुठे लागतो हे त्याला दिसत होते. आमचा बंधारा अशाच उघड्या खडकावर बसवला आहे. पाया खणलाच नाही म्हणतात. खडकात खोबणी पाडून दगड बसवले.

आता फड. तरुण सदस्यांसाठी जरा सविस्तर लिहितो, जाणत्यांनी सोडून द्यावे.

बंधाऱ्याने नदी अडवायची नाही, फक्त थोडी उचलायची. तेवढ्याने पाणी पाटात शिरते. पाट उताराच्या अंगाने गावाच्या शिवारात येतो. त्या पाटाखाली जेवढी जमीन भिजते तिला थळ म्हणायचे. थळाचे तीन किंवा चार भाग, ते फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. यंदा एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात भात नाहीतर भुसार. पुढच्या वर्षी फिरवायचे. पाऊस कमी झाला तर एखादा फड सरळ पडीत ठेवायचा, आणि ते गावाने बसून ठरवायचे. आमच्याकडे ही बैठक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होई. सालदाराचे (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचे) साल त्याच दिवशी सुरू होते, पोरी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आणि मारुतीच्या पारावर म्हातारे कोणत्या फडात ऊस यावर भांडत बसलेले असतात. सांजोऱ्या खाऊन भांडण मिटे.

खरी गंमत जमिनीच्या वाटणीत आहे. प्रत्येक थळकऱ्याची पट्टी प्रत्येक फडात असायची. चार फड, तर चार पट्ट्या. त्यामुळे एक फड पडीत ठेवायचा ठरला की पाटलाचीही पट्टी पडीत आणि माझ्या आजोबांचीही. टंचाई आली ती सगळ्यांवर सारखी आली. पाटाच्या तोंडाशी जमीन असलेला खाऊन-पिऊन सुखी आणि शेपटाला असलेला कोरडा, हे आजच्या कालव्यांवरचे कायमचे रडगाणे तिथे गायलाच कोणी नव्हते. पुढे तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आला. मी नोकरीत तो पाठ केला होता, त्यात जमिनीचा तुकडा हा रोग. बहुतेक ठिकाणी तो रोगच आहे. फडात मात्र तेच औषध होते, आणि हे लक्षात यायला मला निवृत्त व्हावे लागले.

पाणी द्यायला शेतकरी जात नसे. पाटकरी असे. दिवसरात्र तोच दारे धरी, एका पट्टीतून दुसरीत, फड संपेपर्यंत. जागल्या पीक राखी. दोघांचे वेतन धान्यात, खळ्यावर. माझे चुलत आजोबा पाटकरी होते. त्यांच्याकडे घड्याळ नव्हते, होता तो फावडा, कंदील आणि कान. पाटाच्या बांधात खेकड्याने बीळ पाडले की पाण्याचा आवाज बदलतो, आणि तो त्यांना अंधारात वीस पावलांवरून कळे. मग गवताची पेंढी, वर चिखलाचा गोळा, टाचेने दाबून बंद. कोणी म्हणाले, माझ्या पट्टीला अजून थोडे सोडा, की त्यांचे उत्तर ठरलेले: "पानी कोन्हा बापनं नही, पाळी समदासनी शे." (पाणी कोणाच्या बापाचे नाही, पाळी सगळ्यांची आहे.) स्वतःच्या सख्ख्या भावालाही तेच. त्यावरून घरात दोन दिवस अबोला चालल्याचे आजी सांगायची.

पावसाळा संपला की पाट साफ करायला घरटी एक माणूस. न आला तर त्याच्याकडून वसुली. ही पद्धत पांझरेवर आणि शेजारच्या मोसम-आरम नद्यांवर तीन-चारशे वर्षे चालली असे जाणकार धरतात. राज्ये बदलली, फड राहिले. म्हणजे अगदीच अखंड नाही. होळकरांच्या फौजा आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेश ओस पाडला. १८१८ ला इंग्रज आले आणि कॅप्टन ब्रिग्ज धुळ्याला बसला, तेव्हा कित्येक बंधारे फुटून पडलेले होते. ब्रिग्जने नवे धुळे आखले, सरळ गल्ल्यांचे, ते तुम्ही बघताच. बंधारे मात्र हळूहळू पुन्हा बांधले गेले. नंतर १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा झाला. पुढे त्यात असल्या जुन्या कामांना दुसऱ्या वर्गात घातले आणि कोणाचा किती हक्क हे लिहून ठेवण्याची सोय झाली. सरकारला फडाचे प्रेम होते असे नव्हे, त्याला सारा हवा होता. पण लिहिले गेले, हे महत्त्वाचे.

आणि विश्वेश्वरय्या. १८८४ ला मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेला तेविशीतला हा इंजिनिअर सुरुवातीलाच धुळ्याच्या बाजूला आला. दातर्तीचा सायफन त्यांनी त्या काळात केला. त्यांचे नाव निघाले की आपण कृष्णराजसागर म्हणतो. पण त्यांची उमेदवारी पांझराकाठची आहे, आणि पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली तीत जमीन गटागटाने घेऊन पिके फिरवण्याची जी कल्पना आहे ती आपल्या फडाची सख्खी बहीण वाटावी अशी आहे. दातर्ती साक्रीपासून लांब नाही. शाळेच्या सहली तिथे का जात नाहीत, असे मी दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी सहल सापुताऱ्याला जाते. असो.

मग हे मोडले कसे? एका कोणाच्या पापाने मोडले नाही. वर लाटीपाडा झाले, कानवर मालनगाव झाले, जामखेली झाले, शेवटी अक्कलपाडा. धरणे नकोत असे मी म्हणणार नाही. धुळे शहर अक्कलपाड्याचे पाणी पिते, माझी मुलगीच तिथे राहते. पण दिवाळीनंतर नदीला जी बारीक धार राहायची आणि जिच्यावर पाट चालायचा, ती धार गेली. त्याच सुमाराला वीज आली, मोटारी आल्या, नदीच्या पात्राशेजारी विहिरी पडल्या. ज्याच्याकडे मोटार त्याला फडाच्या ठरावाची गरज उरली नाही. उसाला भाव, भाडण्याला पांझरा-कान साखर कारखाना, मग तीन फडांत ऊस, मग चारही फडांत ऊस. कारखाना वर्षानुवर्षे बंद पडून राहिला, तेव्हा ऊस गेला, पण तोवर पाटकऱ्याची पोरे सुरतेला गेली होती.

आज काय होते ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. उन्हाळ्यात खालची गावे आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीने सोडायचे पाणी, मागतात. निवेदने, रास्ता रोको, मग पाणी नदीत सुटते. वाटेतल्या के. टी. वेअरच्या (कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या) फळ्या कोणी काढायच्या यावर वाद. काठावरच्या मोटारींनी पाणी ओढू नये म्हणून रोहित्रे बंद करावी लागतात. बेटावदच्या पुढे पाणी पोचले की पेपरात फोटो येतो. पाणी पोचणे ही बातमी होते, इतके आपण खाली आलो. पाटकऱ्याच्या काळात पाणी न पोचणे ही बातमी होती. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीच नदी धुळ्यात पुलांवरून वाहिली. जिच्या पात्रात आपण आता पाय न भिजवता चालतो तिने आपली रुंदी किती हे एका रात्रीत मोजून दाखवले. काठच्या गावांनीही तेव्हा ज्या जागी पाणी शिरलेले पाहिले, त्यांतल्या कित्येक जागा जुन्या सांडमांच्या वाटा होत्या. आमच्या गावात तरी नक्की.

आता कबुली. गाव नमुना बारामध्ये जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो. पीकपाहणीला तलाठ्याने शेतावर जायचे, बघायचे आणि लिहायचे. मी किती वेळा गेलो? पहिली चार-पाच वर्षे गेलो. मग सजा (तलाठ्याकडच्या गावांचा गट) मोठा, गावे जास्त, निवडणुका, अनुदानाच्या याद्या. चावडीत बसून मागच्या वर्षीचे पाहून पेरा लिहायचा, सिंचनाच्या रकान्यात 'विहीर' लिहून पुढे जायचे. कोणी पाट म्हणालाच तर तेही विहीर, कारण पाट लिहिला की पुढचा प्रश्न कोणता पाट, आणि त्याचे उत्तर शोधायला परत शिवारात जावे लागणार. मी आपल्या थळात काम केले नाही, पण जिथे काम केले तिथे असे लिहिले. आपल्या गावांत माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिले असणार. पाट असा मेला. जेसीबी फार नंतर आला. आता शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी भरतो. तिथेही यादीतून साधन निवडायचे असते आणि बोट आपोआप विहिरीवर जाते.

काही जण म्हणतील, तलाठी बाबा म्हातारपणी जुन्या दिवसांचे गोडवे गातात. तसे नाही. फड सोन्याचे नव्हते. पाण्यात हिस्सा होता तो जमिनीवाल्याचा. जो रात्रभर थंडीत दारे धरी, त्या पाटकऱ्याची थळात पट्टी असेलच असे नाही. माझ्या चुलत आजोबांची नव्हती, कारण धाकटेपणी वाटणीत त्यांच्या वाट्याला कोरडवाहू आले. बायका निंदायला आणि खुरपायला, पारावरच्या बैठकीत त्यांना जागा नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधले, तेव्हा त्यांनी भूमिहीनांनाही पाण्यात वाटा धरला होता. आपले पूर्वज तिथवर गेले नाहीत. आपण जाऊ शकतो. म्हणूनच मला जुने फड जसेच्या तसे नकोत. जमिनी विकल्या गेल्या, पट्ट्या मोडल्या, ठिबक आले. चार फडांत चार पिके आता कोणी लावणार नाही, आणि लावा म्हणून मी सांगणारही नाही.

मला हवे ते फार थोडे आहे. येत्या १ मेच्या ग्रामसभेत एक विषय घ्या. आपल्या गावचा बंधारा कोणता, पाट कुठून कुठवर, चाऱ्या (पाटाचे फाटे) किती, सांडम किती, फडांची नावे काय, हे चालून बघून लिहायचे. १ मे म्हणतो याला कारण आहे. नदी आटलेली असते, शेते मोकळी असतात, पाटाची नुसती खूण असली तरी डोळ्याला दिसते. आखाजीही पुढेमागेच असते, म्हणजे मुंबई-सुरतेचे लोक गावात असतात. फडांची नावे आज साठीच्या पुढच्या लोकांना येतात. आमच्या थळात वरला फड, चिंचेचा फड, मधला आणि खालचा मसणवट्याकडचा, असे चार होते. चिंच मला आठवते. माझ्या मुलाला आठवत नाही. आणखी दहा वर्षांनी विचारायला माणूस सापडणार नाही.

लिहिलेले ग्रामसभेच्या ठरावात घ्या, गावनकाशाच्या प्रतीवर लाल शाईने दाखवा, आणि तो ठराव तहसीलला व भूमी अभिलेखला पाठवा. मोजणी फीचा प्रश्न येईल, तो नंतर बघू. एकदा ठरावात आले की पुढचा शेतरस्ता पाटावरून नेताना ग्रामसेवकाला निदान एक नळकांडे टाकावे लागेल. खोलीकरणाचे काम आले तर पोकलेन बंधाऱ्याच्या पायथ्याला लावण्याआधी कोणीतरी हात वर करेल. हे मी साधे म्हणून सांगत नाही. पायथ्याचा गाळ-वाळू उपसली की खडकावर बसलेला बंधारा खालून उघडा पडतो, आणि चारशे वर्षे पूर झेललेली भिंत एका पावसाळ्यात सरकते. वाळूचे ट्रॅक्टर रात्री कुठून भरतात हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या काहींना तर नंबरही पाठ असतील.

आणि ज्या गावांत पाणी वापर संस्था आहेत, २००५ च्या कायद्याखाली झालेल्या, त्यांनी आवर्तनाच्या दिवसांत पगारी पाटकरी नेमून बघावा. गावचाच, पण काठावर स्वतःची मोटार नसलेला. मोटार नसलेला हे महत्त्वाचे. त्याला अधिकार एवढाच द्या की कोणाचे पाणी किती तास चालले हे तो लिहील आणि रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावील. दंड वगैरे करू नका. फळ्यावर नाव लागले की खानदेशी माणूस सकाळी स्वतः येऊन विचारतो, माझे किती लिहिले म्हणून.

माझ्याकडे आमच्या थळाची एक जुनी हस्तलिखित यादी आहे, थळकऱ्यांची नावे आणि पट्ट्यांची. वडिलांच्या ट्रंकेत सापडली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण आकडे वाचता येतात. तुमच्या घरांतही असल्या याद्या असतील, सोयरपत्रिकांच्या आणि जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यांत. जाळू नका. मोडी वाचता येत नसेल तर माझ्याकडे आणा, मला थोडीफार येते. चहा मिळेल.

१ मेला झेंडावंदन झाल्यावर मी आमच्या बंधाऱ्यावर असेन. पन्नास मीटरचा टेप माझ्याकडे आहे, लाल शाईही आहे. फावडा मात्र कोणीतरी आणावा. पाटाच्या तोंडाशी बेशरमाची झुडपे फार वाढली आहेत, ती काढल्याशिवाय मोजता येणार नाही.

आपला,
एक निवृत्त तलाठी, मु. पो. पांझराकाठ